मदत हवी आहे: इंग्रजी शब्द डोक्यात राहतील असा मजेशीर उपाय सांगा

निफाडकर: नमस्कार मंडळी. इंग्रजी शब्द वाढवायचे आहेत. याद्या पाठ करून झाल्या, आठवड्यात पाटी कोरी. रोज डिक्शनरीची दोन पानं वाचा असले सल्ले नकोत, झोप येते. मजा येईल असं काहीतरी सांगा. जानेवारीच्या आत फरक पडला पाहिजे. लवकर सांगा.

गोदाकाठी: कोणासाठी? मुलासाठी असेल तर कितवीत आहे?

शब्दवेडी: स्क्रॅबल आणा, अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द करायचा खेळ! आमच्याकडे सिडकोत रविवारी जेवणं झाली की पट मांडतो. १५ बाय १५ घरं, १०० सोंगट्या. क्यू आणि झेडला १०-१० गुण, म्हणून लेक आठवडाभर त्या अक्षरांचे शब्द हेरून ठेवते.

गोदाकाठी: स्क्रॅबलने स्पेलिंग पक्कं होतं, भाषा नाही. अर्थ माहीत नसलेले दोन अक्षरी शब्द लावून लोक जिंकतात.

शब्दवेडी: आमच्या घरी अर्थ सांगितल्याशिवाय गुण देत नाही. तुम्ही एकदा खेळून तर बघा, मग बोला.

कॉलेजरोडचे सर: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत किती बँड, म्हणजे गुण, हवेत? रायटिंगसाठी वेगळे शब्द लागतात, स्पीकिंगसाठी वेगळे. आधी मॉक टेस्ट द्या.

निफाडकर: सर, मी कुठेही परदेशी चाललेलो नाही. द्राक्षाच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे. शब्द मलाच हवेत.

सातपूरकर: अहो भाऊ, हे आधी नाही का सांगायचं! बोलायला हवेत की वाचायला?

निफाडकर: वाचायला. युरोपात कंटेनर उतरला की तिकडून क्वालिटी रिपोर्ट येतो. फोटो कळतात, खालचं वर्णन कळत नाही. ब्रिक्स म्हणजे गोडी, पनेट म्हणजे छोटा डबा, प्री-कूलिंग म्हणजे माल आधी थंड करणं, हे रोजचंच, ते येतं. पण मणी सुकला, तडकला, घडातून गळला, देठ तपकिरी पडला, या प्रत्येकाला त्यांचा वेगळा शब्द आहे आणि त्यावरच पैसे कापतात. जानेवारीत माल सुरू होईल, तेव्हा प्रत्येक वेळी मॅनेजरसाहेबांची वाट बघत बसता येत नाही.

सातपूरकर: मग जुने रिपोर्ट काढा, तेच तुमचं पाठ्यपुस्तक. फोटो छापून कार्डावर चिकटवा, मागे शब्द. पाच खोकी करा. आलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर परत पहिल्यात. पहिलं खोकं रोज, पुढची जरा जरा अंतराने. याला लाइटनर पद्धत म्हणतात, १९७० च्या दशकापासून चालत आलीय. विसरायच्या बेताला आलेला शब्द आठवावा लागतो, म्हणून तो पक्का बसतो. मोबाईलवर हवं असेल तर अँकी नावाचं कार्डांचं ॲप. अँड्रॉइडवर फुकट आहे.

गोदाकाठी: यात मजा कुठे आली? त्यापेक्षा नाशिकला टिळकपथावर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, बसून इंग्रजी पेपर वाचा. १८४० सालचं वाचनालय आहे, एवढी जुनी संस्था आपल्या गावात आणि आपण तिकडे फिरकत नाही.

शब्दवेडी: हंगामात निफाडहून रोज पेपर वाचायला येणार का ते? दादा, सातपूरकरांची कार्डं घ्या आणि खेळ करा. दुपारच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांचे दोन गट पाडा. एकाने नुसता शब्द वाचायचा, दुसऱ्याने बाद मालाच्या क्रेटमधून तसा मणी शोधून आणायचा. माल हातात असला की फोटोपेक्षा लवकर ध्यानात राहतं. बायकाही शिकतील, आणि छाटणीच्या टेबलावरच दोष पकडतील.

त्र्यंबकरोड: यंदा थॉमसन जातीच्या द्राक्षाला काय भाव निघेल? आमच्या मामांची बाग आहे दिंडोरीला.

निफाडकर: भावाचं आत्ता कोण सांगणार. ताई, खेळ एकदम पटला. पण हॉलच्या बाहेर खेळावा लागेल, आत स्वच्छतेचे नियम कडक आहेत. एक विचारतो, एकाच दोषाला दोन खरेदीदार दोन शब्द वापरतात. एका कार्डावर दोन्ही लिहू का?

सातपूरकर: नको, दोन कार्डं करा. आणि नुसता शब्द लिहू नका, रिपोर्टमधलं अख्खं वाक्य उतरवा. मण्यावर डाग आहेत एवढं कळून भागत नाही, किती टक्के मण्यांवर आहेत ते त्याच वाक्यात असतं.