मदत हवी आहे: पीक्यू कॅन्यनमध्ये सायकल वारंवार पंक्चर होते आहे

कोरडी_विहीर (धागाकर्ता):
नमस्कार. मी सॅन डिएगोच्या मीरा मेसा भागात राहतो आणि शनिवार-रविवारी लोस पेन्यास्कितोस कॅन्यनमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या भाषेत 'पीक्यू'मध्ये, सायकल चालवतो. गेल्या तीन आठवड्यांत सायकल चार वेळा पंक्चर झाली असून काल तर धबधब्यापासून कॅन्यनचा चढ चढून थेट घरापर्यंत ती हाताने ढकलत आणावी लागली. दुकानात दोनदा ट्यूब बदलून घेतली. तिथे "काटे असतील" एवढेच सांगून पैसे घेतात. येत्या शनिवारी कार्यालयातल्या मंडळींबरोबर सॉरेंटो व्हॅलीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे ठरले आहे, त्यामुळे नेमका उपाय लवकर सांगावा. सायकल विकून टाका, हा सल्ला घरातून मिळालेला आहे.

रानवाटा:
उपाय सांगता येईल, पण आपण रोगाखेरीज काहीच सांगितलेले नाही. ट्यूब आहे की ट्यूबलेस? टायर किती रुंद आहे, हवा किती भरता, आपले वजन किती? पंक्चर पुढच्या चाकाला होते की मागच्या? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ट्यूबला भोक कुठे पडले होते आणि ते दिसायला कसे होते?

बिनट्यूब:
इतके प्रश्न विचारण्याची गरज नाही. ट्यूब काढून टाका, ट्यूबलेस करून घ्या आणि आत सीलंट घाला. त्या पातळ रबरी द्रवाने काट्याचे भोक चाक फिरता फिरता आपोआप बुजते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मी गेली सहा वर्षे दक्षिण कॅलिफोर्नियात चालवतो आहे. एकदा घरी आल्यावर मागच्या टायरमधून अकरा काटे उपटले, पण वाटेत एकदाही थांबावे लागले नव्हते.

सव्वीस_इंची:
आणि दर दोन-तीन महिन्यांनी ते सीलंट वाळून टायरमध्ये साय धरते, ती खरवडत बसण्यात रविवार जातो, हेही सांगावे. इथल्या कोरड्या हवेत ते फार लवकर वाळते. शिवाय धागाकर्त्यांचे रिम ट्यूबलेसजोगे आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची जाड पट्टी मिळते ती घालावी, सोबत ठिगळे, सोल्यूशन आणि छोटा पंप ठेवावा आणि पंक्चर स्वतः काढायला शिकावे. आमच्या लहानपणी सायकलच्या दुकानात पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, तेवढ्यावर काम भागत असे.

बिनट्यूब:
पट्टी टायरच्या बाजूच्या भिंतींना वाचवत नाही. शिवाय तिची कड ट्यूबला घासून आणखी एक पंक्चर करते, तो अनुभव माझा स्वतःचा आहे.

सव्वीस_इंची:
कड सँडपेपरने गुळगुळीत करून घेतली की घासत नाही.

कोरडी_विहीर:
ट्यूबच आहे. एकोणतीस इंची चाक, टायर सव्वादोन इंच रुंद, माझे वजन ब्याऐंशी किलो. चारपैकी तीन पंक्चर मागे आणि एक पुढे. हवा अठरा पीएसआय ठेवतो, कारण कमी हवेने पकड चांगली मिळते असे एका व्हिडिओत पाहिले होते. भोक कसे होते ते दुकानदाराला ठाऊक. कालची ट्यूब मात्र अजून गॅरेजमध्ये पडली आहे.

रानवाटा:
अठरा! तो व्हिडिओ ट्यूबलेस टायरसाठी असणार. धबधब्याजवळ जो ज्वालामुखी खडक उघडा पडलेला आहे, त्याच्या कडेवर ब्याऐंशी किलोचा माणूस अठरा पीएसआयने उतरला की टायर पुरता दबतो, ट्यूब खडक आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. याला सायकलवाले सर्पदंश म्हणतात. गॅरेजमधली ट्यूब फुगवा, बादलीत बुडवा आणि बुडबुडे एका जागेतून येतात की जोडीने येतात ते पाहून इथे लिहा. ट्यूब असेल तर आपल्या वजनाला मागे तीसच्या आसपास आणि पुढे दोन-तीन कमी, येथून सुरुवात करावी.

हितचिंतक_फिनिक्स:
सर्पदंश झाला असेल तर धाग्यावर वेळ न घालवता आधी ९११ ला फोन करावा. दंशाच्या जागेवर घट्ट पट्टी बांधू नये, चीर देऊ नये, विष तोंडाने ओढू नये, बर्फ लावू नये. अंगठी-घड्याळ काढून ठेवावे आणि हालचाल शक्य तेवढी कमी करावी. सॅन डिएगोच्या कॅन्यनमध्ये रॅटलस्नेक असतात, विशेषतः वसंतापासून पुढे ते वाटेवर उन्हाला पसरलेले दिसतात.

रानवाटा:
माहिती अचूक आहे, पण दंश ट्यूबला झाला आहे.

मिरामारचा_माणूस:
धागाकर्त्यांनी एक सांगावे: घरापासून कॅन्यनपर्यंत कसे जाता? मी पूर्वेला ब्लॅक माउंटन रोडच्या बाजूने उतरतो. तिथली मुख्य वाट जुन्या रँचच्या गाडीवाटेसारखी रुंद आणि तुडवलेली आहे, ओकच्या सावलीतून जाते आणि तीवर मला दोन वर्षांत एकच पंक्चर झाले आहे. काटे वाटेवर नसून वाटेपर्यंतच्या वाटेवर असावेत, अशी मला शंका आहे.

बिनट्यूब:
त्यापेक्षा उत्तरेला डेल मार मेसावर जावे. तिथल्या झुडपांच्या बोगद्यांतून जाणाऱ्या वाटा पीक्यूच्या सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी सरस आहेत.

मिरामारचा_माणूस:
कृपया नव्या माणसाला हे सुचवू नये. त्या पठारावर पावसाळी डबकी आहेत आणि त्यांत सॅन डिएगो फेअरी श्रिंप हा कायद्याने संरक्षित असलेला बोटाच्या पेराहून लहान जीव राहतो. नकाशावर सायकलसाठी दाखवलेल्या वाटांवरूनच जावे. लोकांनी झुडपे कापून काढलेल्या चोरवाटांवर रेंजर दंडाची पावती फाडतात. तसेच शनिवारच्या मंडळींना सांगून ठेवा की पाऊस पडून गेला असेल तर पीक्यूच्या वाटा सायकलींना बंद असतात. ओल्या चिकणमातीत चाकांनी पाडलेले चर उन्हाळ्यापर्यंत दगडासारखे टिकून राहतात.

कोरडी_विहीर:
ट्यूब बादलीत बुडवली. एका ठिकाणी जोडीने बुडबुडे आले, दोन चिरा, अर्ध्या इंचाच्या अंतराने. म्हणजे रानवाटा यांचे म्हणणे खरे ठरले. पण त्यापासून वीतभर अंतरावर, बाहेरच्या अंगाला, सुईच्या टोकाएवढे आणखी एक भोक निघाले, त्यातून बुडबुड्यांची अगदी बारीक माळ येत होती.

मिरामारचा_माणूस यांच्या प्रश्नाचे उत्तर: रस्त्यावर मोटारी फार वेगाने जातात, म्हणून मी पदपथ आणि रिकाम्या भूखंडाचे कुंपण यांच्यामधल्या मातीच्या पट्ट्यावरून जातो. साधारण चारशे मीटर.

रानवाटा:
आता टायर उलटा करून आतून जपून बोट फिरवा, शक्यतो चिंधी गुंडाळून. व्हॉल्व्हपासून ट्यूबवरचे भोक किती अंतरावर आहे ते मोजा आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर पाहा. ट्यूब बदलताना दुकानदाराने टायर तपासला नसेल, तर जुना काटा तिथेच बसून नवी ट्यूब टोचत असणार.

कोरडी_विहीर:
सापडला. टायरच्या खाचेत मोडलेले टोक होते, बाहेरून रबराच्याच रंगाचे दिसत होते, आतून मात्र दीड मिलिमीटर वर आलेले. पक्कडीने काढून टेबलावर ठेवले. मग बुटांचे तळवे पाहिले, तर तिथे त्याच जातीचे तीन अख्खे काटे रुतलेले होते. आई सध्या सोलापूरहून आमच्याकडे आली आहे. तिने चष्मा लावून एक काटा तळहातावर घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला सराटा! हा इथे कसा आला?" आठवडाभर तिला गॅरेजच्या दारात अनवाणी पायाला काहीतरी बोचत होते, त्याचाही उलगडा झाला.

वेताळ_टेकडी:
आईंचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. इंग्रजीत त्याला बकरीच्या डोक्यावरून नाव पडले आहे, पण वनस्पती तीच, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. पिवळ्या पाच पाकळ्यांचे फूल, जमिनीसरपट वेल, आणि फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठी शिंगे असतात आणि तो कसाही पडला तरी एक टोक वरच राहते. उकरलेली, उघडी, कोरडी जमीन त्याला आवडते, म्हणून रस्त्याच्या कडेला आणि रिकाम्या भूखंडावर तो हमखास असतो आणि सावलीतल्या तुडवलेल्या वाटेवर कमी. पुण्यात आम्हालाही टेकडीपेक्षा टेकडीच्या पायथ्याशीच तो जास्त छळतो.

अवांतर: अमेरिकेत त्याचा बंदोबस्त करण्यासाठी १९६१ मध्ये दोन जातींचे सोंडकिडे मुद्दाम आणून सोडले होते. एकाची अळी बी पोखरते, दुसऱ्याची खोड.

सव्वीस_इंची:
म्हणजे मातीचा पट्टा सोडावा, हवा तीस ठेवावी, एवढ्यावर काम होते. ट्यूबलेस लागले कुठे?

बिनट्यूब:
ट्यूबलेस असते तर टोचणारा काटा आणि चिमटणारी ट्यूब या दोन्ही गोष्टी उद्भवल्याच नसत्या.

कोरडी_विहीर:
तूर्त पट्टा सोडतो आहे, पदपथावरून सायकल हातात धरून जाईन. मागे तीस, पुढे अठ्ठावीस भरले आहे. ज्या ट्यूबच्या व्हॉल्व्हचा गाभा निघतो, तशी ट्यूब घेऊन तिच्यातच थोडे सीलंट घातले आहे, म्हणजे दोन्ही पक्षांचे समाधान व्हावे. पट्टी घातलेली नाही. शनिवारी काय झाले ते येऊन लिहितो.

कोरडी_विहीर:
शनिवारचा अहवाल: सॉरेंटो व्हॅलीपर्यंत जाऊन परत आलो, माझी सायकल पंक्चर झाली नाही. धबधब्याशी सायकली लावून खाली पाणी पाहायला गेलो आणि परत येऊन पाहतो तर सहकाऱ्याच्या पुढच्या टायरमधली हवा गेलेली होती. तो माझ्याच घरून, माझ्याच मागे, पण त्या मातीच्या पट्ट्यावरून आला होता. आईने दिलेल्या डब्यातल्या शेंगाचटणी-भाकरीवर ताव मारत त्याचे ठिगळ वाळण्याची वाट पाहिली.

नवा_सदस्य:
मी पूर्ण धागा वाचलेला नाही, पण नव्या सायकलसाठी पंधराशे डॉलरच्या आत कोणते मॉडेल घ्यावे?

हितचिंतक_फिनिक्स:
आईंच्या पायातला काटा पूर्ण निघाला ना? टोक आत राहिले असेल तर पिकते. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते तेही विचारून ठेवावे.

कोरडी_विहीर:
निघाला. तिने स्वतःच सुईने काढला आणि तो इथला आहे की आपल्याकडचा हे ताडून पाहायला सोलापूरला नेण्यासाठी कागदाच्या पुडीत बांधून ठेवला आहे. विमानात बी नेता येत नाही, हे तिला समजावण्याचा उपाय कोणाकडे असल्यास सांगावा.