मदत हवी आहे: ओपनसीव्ही टाकलंय, तरी पीकेजी-कॉन्फिगला सापडत नाही (तातडीचे)

कोराकागद
सोर्सवरून ओपनसीव्ही (चित्रं हाताळायची लायब्ररी) बिल्ड केलं. मेक इन्स्टॉल शेवटपर्यंत गेलं, एकही एरर नाही. पण चार ओळींचा प्रोग्रॅम कंपाइल होईना. आधी हेडर सापडत नव्हतं, ते हाताने पाथ देऊन मिटवलं. आता 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू सीव्ही::इमरीड' येतंय (इमरीड म्हणजे फोटो वाचणारं फंक्शन). सगळे सांगतात पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररीचे पत्ते सांगणारं टूल) वापरा, आणि ते म्हणतं पॅकेजच नाही. उद्या डेमो आहे. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.
(मोबाइलवरून लिहितोय, कमांड देवनागरीत आहेत, समजून घ्या.)

जुनाजोगी
डिस्ट्रो, म्हणजे लिनक्स कुठलं? ओपनसीव्हीची आवृत्ती? जी++ (सी++ चा कंपाइलर) ची अख्खी ओळ? पीकेजी-कॉन्फिगने नेमकं काय म्हटलं, शब्दन् शब्द? 'सापडत नाही' एवढ्यावर औषध देता येत नाही.
तोवर एवढं लक्षात घ्या की तुमच्या दोन एरर दोन वेगळ्या पायऱ्यांवरच्या आहेत. हेडर कंपाइलरला लागतं, त्याचा पत्ता कॅपिटल आय देऊन सांगतात. अनडिफाइन्ड रेफरन्स लिंकर देतो, म्हणजे कंपाइल झालेला कोड लायब्ऱ्यांशी जोडणारा. त्याला लायब्ररीचा फोल्डर कॅपिटल एलने आणि लायब्ररीचं नाव स्मॉल एलने सांगावं लागतं. तुम्ही पहिलं सांगितलंत, दुसरं नाही.

झटपट_झुणका
पिप इन्स्टॉल ओपनसीव्ही-पायथन. पायथनचं तयार पॅकेज, दोन मिनिटांत काम. सोर्स बिल्डच्या नादाला लागूच नये.

जुनाजोगी
@झटपट_झुणका, ते जी++ चालवतायत. पिपच्या पॅकेजमध्ये सी++ ची हेडरं नसतात.

कोराकागद
उबुंटू २२.०४, ओपनसीव्ही ४.८. कमांड:
जी++ -आय/यूएसआर/लोकल/इन्क्लूड/ओपनसीव्ही४ मेन.सीपीपी
आणि पीकेजी-कॉन्फिग --लिब्ज ओपनसीव्ही दिलं की: पॅकेज ओपनसीव्ही वॉज नॉट फाउंड इन द पीकेजी-कॉन्फिग सर्च पाथ. खाली ओपनसीव्ही.पीसी असलेली डिरेक्टरी पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये घाला म्हणतं. अशी फाइलच मशीनवर कुठे नाही!

सीमेकसेवक
पीकेजी-कॉन्फिग सोडा, सीमेक (बिल्डची आखणी करणारं टूल) घ्या. सीमेकलिस्ट्समध्ये फाइंड_पॅकेज(ओपनसीव्ही रिक्वायर्ड) आणि टार्गेट_लिंक_लायब्ररीज, दोन ओळी. ओपनसीव्हीवाले स्वतः ओपनसीव्हीकॉन्फिग.सीमेक पुरवतात. चौथ्या आवृत्तीपासून पीकेजी-कॉन्फिग वाचतं ती पीसी फाइल तर आपोआप बनतही नाही, ओपनसीव्ही_जनरेट_पीकेजीकॉन्फिग ऑन करावं लागतं. तुम्ही केलं नसणार.

कोराकागद
केलंय. सांगायचं राहिलं. /यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिगमध्ये ओपनसीव्ही४.पीसी आहे.

जुनाजोगी
मग हे आधी का नाही सांगितलंत! आत्ताच म्हणालात अशी फाइल नाही. पॅकेजचं नाव म्हणजे .पीसी फाइलचं नाव, शेपूट सोडून. फाइल ओपनसीव्ही४.पीसी असेल तर पॅकेज ओपनसीव्ही४. नुसतं 'ओपनसीव्ही' दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीच्या काळातलं. जुन्या ब्लॉगवरून उचललेली ओळ दिसते.
ती फाइल एकदा कॅट करून बघा, साधी मजकुराची आहे. वर प्रीफिक्स=/यूएसआर/लोकल, खाली सीफ्लॅग्जसमोर हेडरचा पत्ता, लिब्जसमोर लायब्ऱ्यांची लांबलचक रांग. पीकेजी-कॉन्फिग यातलं वाचून दाखवतं, बाकी काही करत नाही.

कोराकागद
फाइल अगदी तशीच आहे. पण ओपनसीव्ही४ नावानेही तोच संदेश. कंटाळा आला आता.

तर्रीबाज
एक्सपोर्ट पीकेजी_कॉन्फिग_पाथ=/यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग. बॅशआरसीत टाका आणि मोकळे व्हा. तीन गोष्टी सांभाळा: = च्या आधीच्या नावातली सगळी अक्षरं कॅपिटल, पत्ता फाइलचा नाही तर फोल्डरचा, आणि पत्ता ~ ने सुरू होत असेल तर अवतरणात घालू नका, शेल तो उलगडत नाही.

टर्मिनलटोळ
@तर्रीबाज, थांबा. उबुंटूचं पीकेजी-कॉन्फिग /यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिगमध्ये मुळातच शोधतं, सांगावं लागत नाही. मग का शोधत नाहीये ते बघायला नको? कोराकागद, या दोन कमांडचं आउटपुट द्या:
विच -ए पीकेजी-कॉन्फिग
पीकेजी-कॉन्फिग --व्हेरिएबल पीसी_पाथ पीकेजी-कॉन्फिग
दुसरीत नाव दोनदा येतं, चूक नाही ती. पहिलं कमांडचं, दुसरं पॅकेजचं. आणि प्रॉम्प्टच्या आधी कंसात (बेस) दिसतंय का?

कोराकागद
(बेस) आहे, ते नेहमीच असतं.
विच -ए: पहिली ओळ होम फोल्डरमधलं मिनीकोंडा३/बिन/पीकेजी-कॉन्फिग, दुसरी /यूएसआर/बिन/पीकेजी-कॉन्फिग. दुसऱ्या कमांडला फक्त मिनीकोंडाचे फोल्डर.

टर्मिनलटोळ
सापडला. तुम्ही हाक मारता तेव्हा ओ देतंय कोंडाचं पीकेजी-कॉन्फिग (कोंडा म्हणजे पायथनची पॅकेजं वेगळ्या घरात ठेवणारं टूल, (बेस) हे त्याचंच). ते कुठल्यातरी पॅकेजबरोबर आलेलं असणार. ते फक्त स्वतःच्या घरातले लिब/पीकेजीकॉन्फिग आणि शेअर/पीकेजीकॉन्फिग बघतं. तुमची फाइल जागेवर आहे, विचारणारा चुकीच्या घरात शोधतोय. एकदा कोंडा डीअॅक्टिव्हेट करा, (बेस) गेलं की पुन्हा बघा. कायमचं हवं असेल तर कोंडा कॉन्फिग --सेट ऑटो_अॅक्टिव्हेट_बेस फॉल्स.

तर्रीबाज
माझ्या उपायानेही सापडलंच असतं.

टर्मिनलटोळ
ओपनसीव्ही सापडलं असतं. बाकीच्या लायब्ऱ्यांची उत्तरं कोंडाच देत राहिला असता. मग झेडलिब, पीएनजी तिथलं आणि ओपनसीव्ही इथलं, अशी खिचडी लिंक होते. चालली तर नशीब.

कोराकागद
सापडलं! --मॉडव्हर्जन ४.८.० सांगतंय. पण तरीही अनडिफाइन्ड रेफरन्स. ओळ:
जी++ $(पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज ओपनसीव्ही४) मेन.सीपीपी -ओ मेन

जुनाजोगी
क्रम उलटा आहे. मेन.सीपीपी आधी, लायब्ऱ्या नंतर:
जी++ मेन.सीपीपी -ओ मेन $(पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज ओपनसीव्ही४)
लिंकर ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो. उबुंटूचा जीसीसी लिंकरला --अॅज-नीडेड आपणहून देतो. म्हणजे लायब्ररी समोर आली तेव्हा तिच्यातलं कोणी काही मागितलेलं नसेल तर ती सोडून पुढे जातो. इमरीडची मागणी मेनमध्ये आहे, आणि मेन आलं शेवटी. स्टॅटिक .ए फायलींना हा नियम सगळीकडेच लागतो.

तर्रीबाज
ती एवढी मोठी रांग तरी कशाला? स्मॉल एल ओपनसीव्ही_कोअर, ओपनसीव्ही_इमजीकोडेक्स, ओपनसीव्ही_हायजीयूआय, तीन पुरतात.

सीमेकसेवक
उद्या सीव्हीटीकलर (रंगांची मांडणी बदलणारं फंक्शन) वापरलं की इमजीप्रॉक हवं, परवा व्हिडिओ उघडला की व्हिडिओआयओ. हातानेच लिहीत बसा. म्हणूनच म्हणत होतो, सीमेक.

जुनाजोगी
सीमेकमध्येही पीकेजी_चेक_मॉड्यूल्स हेच पीकेजी-कॉन्फिग चालवतं, आणि तेही पाथमध्ये (शेल कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) पहिलं सापडेल तेच उचलतं. पळून जायला जागा नाही.

शब्दवेल्हाळ
अवांतर: लिंकरला मराठीत 'सांधक' म्हणावं का? 'जोडणीकार' म्हटलं की नळजोडणीवाला आठवतो.

झटपट_झुणका
सांधक म्हणजे गुडघेदुखीचं मलम वाटतंय.

शब्दवेल्हाळ
आणि 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणजे 'अनाथ उल्लेख'. बघा, लगेच कळतं ना?

कोराकागद
कृपया. लिंक झालं. आता चालवल्यावर: एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबओपनसीव्ही_कोअर.एसओ.४०८: कॅनॉट ओपन.

तर्रीबाज
एलडी_लायब्ररी_पाथ एक्सपोर्ट करा.

जुनाजोगी
नको. सुडो एलडीकॉन्फिग, एकदाच. उबुंटूवर /यूएसआर/लोकल/लिब लोडरच्या (प्रोग्रॅम चालू होताना लायब्ऱ्या शोधून देणाऱ्याच्या) यादीत आहेच, फक्त इन्स्टॉलनंतर त्याची कॅश ताजी केलेली नाही. पीकेजी-कॉन्फिगचा इथे काही संबंध नाही, ते लिंक करेपर्यंतचं. एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीत ठेवलात तर त्या शेलमधून चालवलेला प्रत्येक प्रोग्रॅम आधी तिथे डोकावतो, आणि सहा महिन्यांनी भलतंच काही मोडतं.

कोराकागद
चाललं! इमरीड होतंय. इमशोवर (फोटो खिडकीत दाखवताना) मात्र पडतं: द फंक्शन इज नॉट इम्प्लिमेंटेड, रीबिल्ड द लायब्ररी विथ विंडोज, जीटीके+ २.एक्स ऑर कोको सपोर्ट. लिबजीटीके-३-डेव्ह टाकलेलं आहे, बिल्डच्या आधीपासून. हा वेगळा प्रॉब्लेम, नवीन धागा काढू का?

टर्मिनलटोळ
काढू नका, वेगळा नाही. बिल्ड करतानाही (बेस) चालू होतं ना? जीटीके (खिडक्या काढणारी लायब्ररी) आहे का, हे ओपनसीव्हीचं सीमेक पीकेजी-कॉन्फिगलाच विचारतं. त्याने कोंडाच्या घरात शोधलं, नाही म्हणाला, आणि सीमेकने एरर न देता खिडकीचा भाग वगळला. कॉन्फिगरच्या शेवटी जो सारांश येतो त्यात जीयूआयखाली जीटीकेसमोर 'नो' असणार. तो कोणी वाचत नाही.
कोंडा बंद करा. बिल्ड फोल्डरमधली सीमेककॅश.टीएक्सटी उडवा. ही पायरी सोडू नका, कारण पीकेजी_कॉन्फिग_एक्झिक्युटेबलमध्ये कोंडाचा पत्ता तिथेच साठवलेला असतो आणि सीमेक दुसऱ्यांदा शोधत नाही. मग सीमेक पुन्हा, पहिल्याच पर्यायांसकट, जनरेट_पीकेजीकॉन्फिग विसरू नका. सारांशात जीटीकेसमोर 'येस' दिसलं तरच मेक. नाही दिसलं तर तिथेच थांबा. मग इन्स्टॉल, एलडीकॉन्फिग.

झटपट_झुणका
पिपवाल्यात इमशो आधीपासून चालतं, एवढंच बोलून थांबतो.

कोराकागद
सारांशात खरंच 'नो' होतं. आता 'येस', आणि खिडकी उघडली. पण फोटोतल्या माणसांचे चेहरे निळे दिसतायत??

जुनाजोगी
इमरीड रंग बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाने देतो आणि इमशोलाही बीजीआरच लागतं. मध्ये कुठूनतरी उचललेली, हा क्रम उलटवणारी सीव्हीटीकलरची ओळ आहे का?

कोराकागद
आहे.