गणपतीच्या सुट्टीत खात्यातून रक्कम गेली: तक्रारीची मुदत कशी मोजायची?

प्रश्न (देवगड):
माझ्या आईचे बचत खाते एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, गुरुवारी, ४८,००० रुपये परस्पर दुसऱ्या खात्यात वर्ग झाल्याचा संदेश तिच्या मोबाइलवर आला. तो इंग्रजीत असल्याने तिने मंगळवारी मला दाखवला आणि त्याच दिवशी आम्ही शाखेत लेखी तक्रार दिली. तिने ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. शाखेचे म्हणणे असे, की तक्रार पाचव्या दिवशी आली आणि ओटीपी आईनेच दिला असणार. हे नियमाला धरून आहे का?

उत्तर (निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी):
नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार मुदत कामकाजाच्या दिवसांत मोजतात, तीही खाते असलेल्या शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि संदेश मिळाल्याचा दिवस त्यात धरत नाहीत. शुक्रवारी चतुर्थीची सुट्टी, पुढे दुसरा शनिवार आणि रविवार. म्हणजे सोमवार पहिला दिवस आणि मंगळवार दुसरा. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणात तीन दिवसांच्या आत कळवल्यास ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवस लागले असते, तरी साध्या बचत खात्यावर ती प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयेच राहिली असती.

‘ओटीपी दिला असणार’ हे तर अनुमान झाले. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, आणि वयस्कर खातेदारांना हे कोणी सांगत नाही याचे मला फार वाईट वाटते. ओटीपी खरोखरच दिला असता तर तक्रारीपूर्वीचे नुकसान आईला सोसावे लागले असते. तक्रारीनंतरचे मात्र तेव्हाही बँकेचेच.

उत्तर (चिपळूण):
तक्रारीची तारखेसह पोच घेतली आहे ना? कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लावायचा असतो. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही आजच नोंद करा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली गेली नसेल, तर ती तिथेच रोखता येण्याची शक्यता असते.

प्रश्नकर्ता (देवगड):
शाखेचा शिक्का आणि तारीख असलेली पोच आहे. १९३० वर आताच नोंद केली. बँकेने तरीही नकार दिला तर?

उत्तर (निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी):
नकार लेखी मागा. तो मिळाल्यावर, किंवा तीस दिवस उत्तरच आले नाही तर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. सोबत पोच, तो संदेश आणि खातेउतारा जोडा, आणि सुट्ट्यांच्या तारखा अर्जातच स्पष्ट लिहा.