मिलच्या फोटोतली माणसं ओळखा
(ग्रुप: आपला अमळनेर परिवार)

बापू, जळगाव: सगळ्यांना नमस्कार. आबांच्या पेटीत सापडलेले चार फोटो टाकतोय. पहिला प्रताप मिलच्या गेटवरचा, पाळी सुटतानाचा. दुसऱ्यात साचाखात्याचे, म्हणजे मागांवरचे कामगार. तिसरा तत्त्वज्ञान मंदिराचा, म्हणजे आपल्या तत्त्वज्ञानाच्या संस्थेचा. चौथ्यात डब्यांची चळत दिसतेय. मागे एक अक्षर लिहिलेलं नाही. नाना, तुम्हीच सांगा.

नाना, अमळनेर: दुसऱ्यात मधल्या रांगेत उजवीकडून तिसरे आपले आबा. टोपी डाव्या कानावर. शेजारी जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम. हातात धोटा धरलेला पोरगा आपल्या समोरच्या घरातला, बदलीवर होता. बदलीवाल्यानं पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असलं तर काम, नाहीतर आल्या पावली घरी. आबांनीही तसंच काढलं, मग कायम झाले.

वहिनी, धुळे: नाना, आबा एवढ्या मोठ्यानं का बोलायचे ते पोरांना सांगा ना.

नाना, अमळनेर: साच्यांचा खडखडाट बेटा. खात्यात शेजारच्याचं ऐकू यायचं नाही, ओठांकडे बघून समजून घ्यायचे. घरी आले तरी आवाज तसाच वर, आम्हाला वाटे रागावलेत. आईला मात्र बोलावंच लागत नसे. ती चुलीपासून नुसते ओठ हलवायची आणि आबा ताट पुढे करायचे.

छोटू, पुणे: चौथा फोटो विप्रोचा का?

बापू, जळगाव: तसंच वाटतंय. २९ डिसेंबर १९४५ ला एम. एच. प्रेमजींनी अमळनेरात कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ साबण. इकडे भुईमूग पिकायचा, सुरत-भुसावळ रेल्वे दारात. १९६६ ला ते वारले तेव्हा अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते, अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट टाकून आले. कॉम्प्युटर फार नंतरचा. छोटू, तुझ्या ऑफिसात हे नक्की सांग.

आक्का आत्या: बठ्ठा माणसेसना फोटू शेतस. मनी माय कोठे शे? ती वाइंडिंग खातामा काम करे. घर उनी का तिना केसमाधला कापूस मी काढू, मंग ती चुल्हा पेटाडे.

वहिनी, धुळे: आत्या 🙏 मला हे माहीतच नव्हतं.

बापू, जळगाव: आक्का, सकाळपासून फोटो बघतोय, पण एकही बाई नाही हे तुम्ही म्हणेपर्यंत जाणवलं नाही. रिळिंग, वाइंडिंग बायकांच्याच हातात होतं. सूत तिथून भरून आल्याशिवाय आबांचा साचा चाललाच नसता.
मिलचे मालक प्रताप शेठजींबद्दल मला मनापासून आदर आहे. १९१६ चं तत्त्वज्ञान मंदिर, १९४५ चं कॉलेज, साने गुरुजी १९२४ ते १९३० जिथं मास्तर होते ते हायस्कूल, आपल्या गावाचं हे वैभव आहे. ते सगळं पुस्तकांत आलंय. पण तो पैसा ज्या कापडातून आला ते विणणाऱ्यांची, त्यासाठी सूत भरणाऱ्या बायकांची नावं आता फक्त नाना आणि आक्कांच्या तोंडात आहेत. ती उतरवून घ्यायचीच.

ताई, नाशिक: आजीचा मिलमधला एकही फोटो नाही?

नाना, अमळनेर: मिलमधला नाही. सखाराम महाराजांच्या यात्रेत काढलेला एक आहे, बोरीच्या वाळवंटात, दोन मैत्रिणींबरोबर. त्या दोघीही वाइंडिंगच्याच. काचेला चिकटलाय म्हणून काढला नव्हता.

बापू, जळगाव: नाना, ओढू नका! काचेवरूनच स्कॅन करू. रविवारी येतो.

आक्का आत्या: त्या दोन्हीसना नावं माले याद शेतस. फोन कर, सांगस.

नाना, अमळनेर: ये रविवारी. येताना मऊ पेन्सिल आण. शाई पुढच्या बाजूला उमटते.