विषय: मेमध्ये नागपूरला जातेय, काय न्यावं?

नमस्कार मंडळी,

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला निघतेय. घरी आई-बाबा, आजी, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक असलेले मामा, आत्याची तीन मुलं, शिवाय धरमपेठेतला सगळा शेजार. एरवी चॉकलेट, बदाम, परफ्यूम यांनीच बॅग भरते. या वेळी ज्याला त्याला शोभेल असं काही द्यायचंय. तुम्ही काय नेता? आजीला विचारलं तर एकच उत्तर, "तू ये, बस."

धरमपेठची लेक, ओटावा (कॅनडा)

*

बाळा,

ओटावा सोडून आम्ही त्रिमूर्तीनगरला परतलो, तरी मंडळाच्या मेल वाचतेच. आता मी घेणाऱ्यांच्या बाजूला आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

मेमध्ये चॉकलेट नको. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, आणि इथे पारा 45 च्या आसपास असतो. बदाम इतवारीत मिळतात, परफ्यूम बर्डीवर. तिकडची विजेची उपकरणंही टाळ: ती 120 व्होल्टची, आपल्याकडे 230.

मेपल सिरप मात्र जरूर आण. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब, असे वसंताच्या तोंडावरचे मोजके आठवडे मेपलच्या झाडातून रस येतो. तो आटवून आटवून साधारण 40 लिटरचं एक लिटर सिरप होतं. आजीला सांग, ही तिकडची काकवी. तिला लगेच कळेल, आणि धिरड्यासोबत आवडेलही. काचेच्या बाटलीपेक्षा पत्र्याचा डबा घे आणि तो चेक-इन बॅगेत ठेव. डबा फोडल्यावर उरलेलं बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवायचं, नाहीतर बुरशी धरते. लेबलवर 'शुद्ध' आहे ना ते बघ. स्वस्तातलं 'टेबल सिरप' बहुधा मक्याच्या साखरेचं असतं.

मामांसाठी केनोजुअक अशेवाक या इनुइट (कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातला मूळनिवासी समाज) चित्रकर्तीच्या चित्रांचं पुस्तक किंवा एखादं छापील चित्र शोध. पिसारा फुलवलेलं तिचं 1960 मधलं घुबड कॅनडाच्या टपाल खात्याने 1970 मध्ये तिकिटावर छापलं होतं. जमलं तर ते जुनं तिकीटही मिळव. त्याला वजन काहीच नाही, आणि ज्यांनी जन्मभर पोरांना रेषा शिकवल्या ते त्या रेषेकडे किती वेळ बघत बसतील!

आणि आजी. व्हिडिओ कॉलवर तिला तुझा फक्त चेहरा दिसतो. तू भाजी कुठून आणतेस, बसची वाट कुठे बघतेस, बर्फात दारासमोरची वाट कशी मोकळी करतेस, हे तिने कधी पाहिलेलंच नाही. असे फोटो काढ, मोठ्या आकारात छाप, प्रत्येकाखाली ठळक मराठीत दोन ओळी हाताने लिही आणि त्यांची वही शिवून आण. दुपारी शेजारणी आल्या की ती पानं उलटून दाखवेल. माझ्या सासूबाईंसाठी मुलाने अशी वही आणली होती. ती त्यांच्या उशाशीच असायची.

शेजाराची मोजदाद करू नकोस. सिरपचा एखादा डबा जास्त आण, सगळ्यांना एका संध्याकाळी धिरडी खायला बोलाव.

काकू, त्रिमूर्तीनगर

*

काकूंचं सगळं पटलं, फक्त आत्याच्या मुलांबाबत थोडं वेगळं सांगतो. मोठ्यांना ज्याची त्याची वस्तू द्यावी, पण एकाच घरातल्या पोट्ट्यांना सारखंच द्यावं. एकाला रंगपेटी आणि दुसऱ्याला पुस्तक दिलं की तिसरा आधी किंमत विचारतो, आणि आत्याला उगाच अवघडल्यासारखं होतं. तिघांना एकसारख्या रंगपेट्या घे आणि दुपारभर मामांकडे बसव.

अजून एक. इनुइट कोरीवकाम घेणार असशील तर त्यावर इग्लूचं चिन्ह असलेला टॅग आहे का बघ. अस्सल कामाची ही खूण 1958 पासून आहे. पर्यटकांच्या दुकानांत दुसरीकडून बनवून आणलेल्या नकला बऱ्याच असतात, आणि त्याचे पैसे त्या कलावंतांपर्यंत पोचत नाहीत.

महालवाला दादा, मिसिसॉगा