ड्राफ्ट चांगला असेल, तर सेबर्सचे पीक जाते कुठे?

निळी रेघ (धागाकर्ता), जुलै 2025

माझ्या कपाटात बफेलो सेबर्सच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या बफेलो गावच्या आइस हॉकी संघाच्या, तीन जर्सी टांगलेल्या आहेत : रायन ओ'रायलीची 90 क्रमांकाची, जॅक आयकलची 9 क्रमांकाची आणि सॅम रायनहार्टची 23 क्रमांकाची. या तिघांनीही स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक लीगचा विजेतेपदाचा करंडक, जिंकला आहे, आणि तिघांनीही तो बफेलो सोडल्यावरच जिंकला आहे. ओ'रायलीने 2019 मध्ये सेंट लुइसकडून कप जिंकला आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ करंडकही नेला. आयकलने 2023 मध्ये व्हेगासकडून खेळताना प्लेऑफमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलला केलेले साहाय्य मिळून) मिळवले. रायनहार्ट तर फ्लोरिडाकडून 2024 आणि 2025 असा लागोपाठ दोनदा विजेता ठरला, आणि 2024 च्या सातव्या सामन्यातला निर्णायक गोल त्याच्याच स्टिकवरून गेला. तो सामना मी बफेलोतल्या घरी बसून पाहिला. आनंद मानावा की डोक्याला हात लावावा, हे मला त्या रात्री ठरवता आले नाही.

मी 2009 मध्ये शिक्षणासाठी या गावात आलो. 2011 च्या एप्रिलमध्ये सेबर्स पहिल्या फेरीत फिलाडेल्फियाकडून सातव्या सामन्यात हरले, तेव्हा पुढच्या वर्षी बघू, असे आम्ही मित्र एकमेकांना म्हणालो होतो. ते पुढचे वर्ष अजून उजाडलेले नाही. सलग 14 हंगाम प्लेऑफविना गेले असून एनएचएलच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही.

या महिन्यात चर्चा आहे ती यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या संघांनी नव्या मुलांची क्रमाने निवड करण्याच्या वार्षिक फेऱ्यांत, 9 व्या क्रमांकावर निवडलेल्या राडिम म्रत्का या उंचापुऱ्या चेक बचावपटूची आणि युटाला देऊन टाकलेल्या जे. जे. पेटरकाची. माझे म्हणणे असे की दोष ड्राफ्टमध्ये शोधणे ही स्वतःची दिशाभूल आहे. रायनहार्ट, आयकल, बचावपटू डालिन, सहाव्या फेरीत सापडलेला गोलरक्षक उलमार्क, दुसऱ्या फेरीतला पेटरका हे सगळे बफेलोनेच निवडले. पेरणी आमची असते, मशागत आमची असते, आणि कणीस भरले की खळे दुसऱ्याच्या दारात पडते. उलमार्क 2021 मध्ये करार संपताच बॉस्टनला गेला आणि दोन वर्षांत सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक घेऊन बसला. ज्या व्यवस्थापनाला तयार खेळाडू टिकवता येत नाही, त्याला आणखी एक चांगला ड्राफ्ट देऊन काय साधणार, हा माझा प्रश्न आहे.

पुण्याचा पाहुणा

मी या खेळात नवखा आहे, त्यामुळे आधी एक शंका विचारतो. आयपीएलच्या लिलावात जो संघ जास्त पैसे मोजतो त्याला खेळाडू मिळतो. येथे मात्र 18 वर्षांच्या मुलाला कोणत्या गावात जायचे हे निवडताच येत नाही, आणि सर्वांत वाईट खेळणाऱ्या संघाला आधी निवड मिळते, असे दिसते. मग संघ मुद्दाम हरत नाहीत का?

नायगाराकाठ

हरतात, आणि आम्ही ते तिकीट काढून पाहिले आहे. 2014-15 च्या हंगामात कॉनर मॅकडेव्हिड नावाचा मुलगा ड्राफ्टला येणार म्हणून सेबर्सने संघ जवळजवळ मोडीत काढला होता. 26 मार्च 2015 रोजी ॲरिझोना, म्हणजे खालून दुसऱ्या क्रमांकाचा संघ, बफेलोत आला होता. सामना जादा वेळेत गेला आणि पाहुण्यांच्या सॅम गॅग्नरने गोल करताच आमच्याच प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या. मी वरच्या मजल्यावर बसले होते. माझ्या पुढच्या रांगेतला एक आजोबा मात्र उठला नाही; त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बर्फाकडे बघत राहिला. आमच्या खेळाडूंनीही त्या टाळ्या ऐकल्या असणारच.

एवढे करून हाती काय लागले? पहिली निवड कोणाची, हे तळाच्या संघांमध्ये चेंडू काढून लॉटरीने ठरते, आणि शेवटच्या क्रमांकामुळे ती मिळण्याची आमची शक्यता फक्त 20 टक्के होती. चेंडू पडले एडमंटनच्या बाजूने, ज्यांची शक्यता 11.5 टक्के होती आणि ज्यांनी 2010, 2011 आणि 2012 मध्येही पहिली निवड मिळवलेली होती. आम्हाला दुसऱ्या क्रमांकावर आयकल मिळाला, आणि 'तू मॅकडेव्हिड नाहीस' हे ओझे पहिल्या दिवसापासून त्याच्या पाठीवर आले.

निळी रेघ, आपल्या मताशी मी निम्मी सहमत आहे. खेळाडू टिकत नाहीत हे खरे, पण ते का टिकत नाहीत, याचे उत्तर त्या टाळ्यांत आहे. ज्या संघाने हरणे हेच धोरण म्हणून स्वीकारले, त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये वाढलेल्या मुलाला जिंकण्याची सवय लागणार कशी? 2014 ते 2021 या आठ हंगामांत हा संघ चार वेळा तळाला राहिला. ओ'रायलीने 2018 मध्ये हंगाम संपताना पराभवांमुळे खेळावरचे आपले प्रेम आटत चालल्याचे उघडपणे सांगितले, आणि त्याच उन्हाळ्यात त्याला विकून टाकले गेले. आजार सांगणाऱ्या रोग्यालाच घराबाहेर काढण्यातला हा प्रकार होता.

आकडेमोड

धागाकर्त्यांच्या मूळ प्रमेयालाच माझा आक्षेप आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर डालिन आणि आयकल निवडायला शोधपथक लागत नाही. ती नावे तेव्हा प्रत्येक यादीच्या शिरोभागी होती. शोधपथकाची पारख होते ती सातव्या-आठव्या क्रमांकापासून पुढे. 2016 मध्ये 8 व्या क्रमांकावर अलेक्झांडर नीलँडर निवडला गेला आणि तो सेबर्सकडून जेमतेम 19 सामने खेळला. त्याच्या लगेच नंतर, 9 व्या क्रमांकावर, माँट्रियलने सर्गाचेव्ह घेतला आणि 14 व्यावर बॉस्टनने चार्ली मॅकॅव्हॉय. 2020 मध्ये 8 व्या क्रमांकावर जॅक क्विन घेतला, तर कॅरोलिनाला 13 व्या क्रमांकावर सेथ जार्व्हिस मिळाला. उलमार्क आणि पेटरका ही उदाहरणे आपण दिलीत ती योग्यच आहेत, परंतु चौदा वर्षांत उशिराच्या फेऱ्यांतून अशी किती नावे निघाली, ते बोटांवर मोजून पाहावे. पेरणी उत्तम होती, असे म्हणायला मी तयार नाही. बियाणे महागाचे होते, एवढेच.

टोरांटोचा शेजारी

व्यवस्थापनाची बाजू कोणीतरी मांडावी म्हणून लिहितो, जरी मी स्वतः लीफ्सचा, म्हणजे टोरांटोच्या संघाचा, पाठीराखा असल्याने मला हा अधिकार कितपत आहे, याविषयी मतभेद असू शकतात.

ओ'रायलीच्या बदल्यात आलेल्या मंडळींत टेज थॉम्पसन होता, हे आपण सगळे सोयीस्करपणे विसरता. सुरुवातीला तो फुकट गेला असे सारेच म्हणत होते. पुढे त्याने 2022-23 मध्ये 47 आणि 2024-25 मध्ये 44 गोल केले. आयकलच्या बाबतीत तर संघाचे हात बांधलेले होते. त्याच्या मानेच्या मणक्यांमधली चकती बिघडली होती, त्याला कृत्रिम चकती बसवून घ्यायची होती, आणि अशी शस्त्रक्रिया तोवर एनएचएलच्या कोणत्याही खेळाडूवर झालेली नसल्याने संघाच्या डॉक्टरांनी परवानगी नाकारली. करारानुसार अंतिम शब्द संघाचा होता. अशा अवस्थेत, बाजारातल्या प्रत्येकाला तुमची अडचण ठाऊक असताना, ॲलेक्स टक, पेटन क्रेब्स आणि पहिल्या फेरीची एक निवड मिळवणे हा वाईट सौदा नव्हता.

शिवाय सेबर्सचे जनरल मॅनेजर (संघबांधणी करणारे) केव्हिन ॲडम्स गेल्या डिसेंबरात बफेलोत ताडाची झाडे नाहीत आणि कर मात्र आहेत, असे जे बोलले, त्यावर इंटरनेटवर भरपूर हसून झाले; पण त्यात तथ्य नव्हते का? फ्लोरिडात आणि नेवाडात राज्याचा प्राप्तिकर नाही. अनुभवी खेळाडूच्या करारात नको असलेल्या संघांची यादी असते आणि त्या यादीत बफेलो हमखास असते. येऊच न इच्छिणाऱ्याला जनरल मॅनेजर काय, ब्रह्मदेवही आणू शकत नाही.

निळी रेघ

शेजारीबुवा, ताडाच्या झाडांचे उत्तर विनिपेग आहे. ते गाव बफेलोहून कितीतरी थंड, कर तेथेही जास्त, आणि नको असलेल्या संघांच्या यादीत त्याचाही मान मोठा. तरी विनिपेगने 2011 मध्ये 7 व्या क्रमांकावर निवडलेला शायफली आणि 2012 मध्ये पाचव्या फेरीत निवडलेला गोलरक्षक हेलेबक या दोघांनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये एकाच दिवशी सात-सात वर्षांचे करार केले. 2024-25 च्या साखळीत तोच संघ 116 गुणांनी लीगमध्ये पहिला आला. हवामान बदललेले नव्हते. खेळाडूंना संघाच्या दिशेविषयी खात्री वाटत होती.

आकडेमोड यांचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल. नीलँडरचे नाव मी मुद्दाम टाळले होते, असे समजा.

तरीही 2022-23 कडे पाहा. त्या वर्षी सेबर्स 91 गुणांवर थांबले आणि एका गुणाने प्लेऑफ हुकले. 92 गुणांनी आत गेलेला फ्लोरिडा थेट अंतिम फेरीत पोहोचला. त्या उन्हाळ्यात एक भरवशाचा गोलरक्षक आणि दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले दोन जाणते खेळाडू आणले असते, तर आज आपण वेगळ्या विषयावर भांडत असतो. वेतनमर्यादेत जागा होती. पैसे खर्च झाले नाहीत, तरुण खेळाडू आपोआप पिकतील असे गृहीत धरले गेले, आणि पुढच्या वर्षी गुण 84 वर आले. प्रशिक्षक बदलून जुने प्रशिक्षक लिंडी रफ यांना परत बोलावले, तर त्यांच्याच हाताखाली गेल्या हिवाळ्यात सलग 13 पराभव झाले आणि हंगाम 79 गुणांवर संपला.

आकडेमोड

पेटरकाच्या बदल्यात काय आले, याबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून थोडे. 23 वर्षांचा खेळाडू, 27 गोल आणि 41 असिस्ट (गोलला साहाय्य), असा हंगाम करून गेला. बदल्यात आले मायकेल केसलरिंग आणि जॉश डोन. केसलरिंग उजव्या हाताचा उंच बचावपटू आहे, आणि डालिन व ओवेन पॉवर हे आमचे दोघेही प्रमुख बचावपटू डावखुरे असताना तशा खेळाडूची संघाला खरोखरच गरज होती, म्हणून मी हा सौदा मूर्खपणाचा म्हणणार नाही. मात्र 68 गुण गेले ते भरून कोण काढणार, याचे उत्तर व्यवस्थापनाकडे असल्याचे दिसत नाही. मार्चमध्ये कोझेन्स देऊन आणलेला नॉरिस तीन सामने खेळून जायबंदी झाला. त्याच्या तब्येतीवर सगळी भिस्त ठेवणे याला मी योजना म्हणत नाही.

नायगाराकाठ

आणि हे सगळे ठरवणारा माणूस मात्र तोच राहतो. मालक टेरी पेगुलांनी 2011 मध्ये संघ विकत घेतला, तेव्हा स्टॅनली कप जिंकणे हेच या संघाच्या अस्तित्वाचे कारण असल्याचे सांगितले होते. त्यानंतर रेगियर, मरे, बॉटरिल आणि ॲडम्स असे चार जनरल मॅनेजर झाले. 2020 च्या जूनमध्ये बॉटरिलसह हॉकी विभागातली 20 हून अधिक माणसे एका दिवसात काढली, आणि ज्यांनी त्या पदावर कधी काम केले नव्हते, त्या ॲडम्सना नेमले. आता यार्मो केकॅलाइनेन यांना सल्लागार म्हणून आणले आहे. कोलंबसमध्ये त्यांनी अकरा वर्षे हे पद सांभाळले असल्याने त्यांचा सल्ला मोलाचा असेल. पण सल्लागाराचे ऐकायचे की नाही, हे पुन्हा वरूनच ठरणार.

पुण्याचा पाहुणा

एवढे वाचल्यावर एकच विचारतो : निळी रेघ, चौथी जर्सी कोणाची घेणार?

निळी रेघ

माझ्या मुलीला डालिनची 26 क्रमांकाची हवी आहे. ती 11 वर्षांची आहे आणि आपला संघ प्लेऑफमध्ये खेळताना तिने एकदाही पाहिलेला नाही. दुकानात पाठीवर नाव शिवून घ्यायचे जास्त पैसे पडतात. तिला सांगितले आहे की क्रमांक शिवून घेऊ, नावाचे पुढच्या वर्षी बघू.