हिमनद्यांचं पाणी ओलांडताना: तुमचे अनुभव लिहा

रानवाटा:
काल घरामागच्या ओढ्याला पाणी आलं. दगड गडगडत येतात तो आवाज ऐकला आणि आइसलँडची क्रोसाऊ नदी आठवली. थोर्समोर्कच्या दरीत जाताना उंच चाकांच्या बसने ओलांडली होती. पाणी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं. हिमनदी खडक दळते ती पूड त्यात असते, तळ दिसतच नाही. ड्रायव्हरकाका काठावर थांबून नुसते पाण्याकडे बघत राहिले, मग बस तिरकी घातली. पायाखालच्या पत्र्याला दगडांची टकटक. शेजारच्या आजींनी माझा हात घट्ट धरला, कोण कुठल्या त्या! कुणी गेलंय का अजून?

शेवंती:
आमची गाडी तिथेच बसली. सकाळी पाणी गुडघ्याएवढं, दुपारी ऊन तापून बर्फ वितळलं तर दुप्पट. ट्रॅक्टरने ओढून काढली. पाण्याने झालेलं नुकसान विम्यात बसत नाही हे गाडी देताना कुणी नीट सांगितलंच नाही. पैशाचं जाऊ दे, लेक अजून पोहायला नको म्हणते.

पाटावरचा:
अरेरे ताई. लेकीला उथळ पाण्यात हळूहळू न्या, माझ्या भाच्याची भीती तशीच गेली.

घाटमाथा:
दक्षिणेला स्केइदाराऊ नदीवर 1974 मध्ये पूल झाला तेव्हा कुठे बेटाभोवतीचा रस्ता पुरा झाला. त्याआधी पूर्वेच्या हफ्नहून रेक्याविकला गाडीने यायचं तर उत्तरेकडून वळसा. 1996 ला वात्नायोकुल या मोठ्या हिमनदीखाली ज्वालामुखी फुटला, नोव्हेंबरात पूर आला आणि पुलाचा काही भाग मोडला. पिळवटलेले गर्डर रस्त्याकडेला ठेवलेत, हात लावून बघितले, अंगावर काटा आला. 2009 पासून नदीनेच वाट बदलली, जुना लांबलचक पूल कोरडा पडलाय.

रेवा२:
गर्डर वाचून सावित्रीचा पूल आठवला, 2016. महाडला मामा राहतात. ती रात्र नको वाटते.

घाटमाथा:
खरंय.

जुनी_वही:
पुलांआधी घोडे! पाण्यात मुरलेले घोडे वेगळे ठेवत. वाटाड्या शेतकरी पुढे, प्रवासी मागे. आमच्या गाइडबाई म्हणाल्या, लगाम सैल सोडायचा, पाय कुठे टाकायचा ते घोड्याला ठरवू द्यायचं. नदी रोज फाटे बदलते, काल जिथून पार झालो ती उथळ जागा आज नसते.

मोगरा:
शाकाहारी काय मिळतं तिकडे? सासूबाई येणार आहेत.

रानवाटा:
मोगरा, भाजीचं सूप, ब्रेड आणि स्किर, आपल्या चक्क्यासारखं. थेपले न्याच. आणि नदीपर्यंत सकाळच्या बसने जा, सासूबाईंना खिडकी द्या.